इंजिनिअरिंगचं स्पेशलायझेशन निवडताना: नाशिकच्या मुलामुलींसाठी पायरी-पायरीने

थर्ड इयरच्या सुट्टीत आम्ही दोघी मैत्रिणी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका स्विचगियर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी पॅनेलं बनवणाऱ्या, कारखान्यात इंटर्नशिपला होतो. पहिल्याच आठवड्यात आम्हाला टेंपरेचर राईज टेस्टवर, म्हणजे करंट वाहताना पॅनेल किती तापतं ते बघण्याच्या चाचणीवर, बसवलं. पॅनेलमधल्या तांब्याच्या बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर), जोडांवर आणि ब्रेकरच्या कॉन्टॅक्टपाशी तापमान मोजणारे थर्मोकपल लावलेले. १२५० अँपिअर करंट सोडलेला, व्होल्टेज मात्र अगदी कमी. दर अर्ध्या तासाने एकेका पॉइंटचं रीडिंग वहीत उतरवायचं. तासाभरात तापमान एका अंशाहून जास्त चढेनासं झालं की टेस्ट संपली. सकाळी नऊला लावलेली टेस्ट दुपारी चारपर्यंत चालली. मैत्रीण अकरा वाजताच वैतागली. "दिवसभर हेच लिहीत बसायचं का गं?" मी मात्र एकाच गोष्टीवर अडकले होते: तीन फेजपैकी एका फेजचा जोड बाकी दोघांपेक्षा सात अंशांनी गरम का? टेस्ट उतरवल्यावर बघितलं, तर तिथला बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता.

ती मैत्रीण आज पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिते. एकेका बगामागे दोन-दोन दिवस घालवते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला ते दोन तासही जमणार नाही.

दरवर्षी ओळखीपाळखीतली मुलं विचारायला येतात, "ताई, स्कोप कशाला आहे?" मी त्यांना हीच टेस्टची गोष्ट सांगते. प्रत्येक शाखेत रटाळ काम असतंच, आणि नोकरीतला बराचसा वेळ त्यातच जातो. त्या शाखेतलं रटाळ काम नेमकं कसलं आहे, आणि ते आपल्याला सोसतं का, हे आधी बघा. पगार, नाव, स्कोप हे त्याच्यानंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे शोधून काढण्यासाठीच आहेत.

आधी एक घोळ निस्तरू

स्पेशलायझेशन म्हटलं की लोक तीन वेगवेगळे निर्णय एकत्र करतात. पहिला शाखेचा, तो कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत होतो. दुसरा थर्ड इयरपासूनच्या इलेक्टिव्हचा (निवडीच्या विषयांचा) आणि ऑनर्स-मायनरचा (पदवीसोबतच्या जादा अभ्यासक्रमाचा). तिसरा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा, आणि त्याला लागून गेट परीक्षेचा किंवा एम.ई.चा, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचा. पहिला निर्णय फिरवणं अवघड. दुसरा थोडाफार फिरवता येतो. तिसरा तर बराचसा तुमच्याच हातात असतो. होतं असं की घरात सगळी भांडणं पहिल्यावर होतात, आणि दुसरा निर्णय मुलं वर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच मिनिटांत उरकतात.

पायरी १: ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. पुणे आणि अहिल्यानगर जिल्हेही त्यातच. म्हणजे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत नाशिकच्या मुलाला पुण्यातही होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी ठेवलेल्या, जागा मिळतात. त्यामुळे "नाशिक की पुणे" हा प्रश्न खरं तर राहण्याच्या खर्चाचा आहे. घरचं जेवण आणि पुण्यातलं खोलीभाडं-मेस यांचा चार वर्षांचा हिशोब एकदा कागदावर मांडा, मग पुढचं बोला.

ऑप्शन फॉर्ममधला कॉलेज-शाखांच्या पसंतीचा क्रम गंमत म्हणून लावू नका. २०२५-२६ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप फ्रीज होत होती, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नव्हती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी लागली तरी तेच. प्रवेशाचं काम बघणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून तुमच्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर फॉर्म भरून हळहळलेली मुलं मी पाहिली आहेत.

टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी वेव्हर स्कीमची) जागा मिळत असेल तर शैक्षणिक शुल्क माफ होतं, पण पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. हे कळूनच ती घ्या. मुलींसाठी आणखी एक: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच झालेला लागतो. उत्पन्नाचा दाखला जूनच्या गर्दीत काढायला जाऊ नका, मे महिन्यातच तहसीलच्या सेतू केंद्रात अर्ज टाका.

शाखेच्या नावाला भुलू नका. कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स या तिन्हींचा सेकंड इयरचा अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवून बघा. डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, बराचसा भाग सारखाच निघेल. ज्या फरकासाठी तुम्ही लांबचं, महागडं कॉलेज घेणार आहात, तो फरक कदाचित चार-सहा विषयांचाच असेल.

पायरी २: फर्स्ट इयरला वही ठेवा

फर्स्ट इयरला बहुतेक विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात: गणित, भौतिक-रसायन, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग. मुलं याला वाया गेलेलं वर्ष म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतक्या प्रकारचं काम एकाच वर्षात हाताखालून जायची ही शेवटची संधी. एक पातळ वही घ्या आणि प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर दोन ओळी लिहा: आज काय केलं, आणि घड्याळाकडे किती वेळा बघितलं. शीटवर आयसोमेट्रिक काढताना तीन तास कसे गेले कळलं नसेल तर तशी नोंद करा. प्रोग्रॅम चालेना म्हणून मित्राचा कोड उतरवला असेल तर तेही खरं लिहा. ही वही कोणाला दाखवायची नाही. वर्षअखेरीला ती तुम्हाला खूप काही सांगेल.

शाखा बदलण्याचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: सेकंड इयरला हव्या त्या शाखेत रिकामी जागा असेल तरच आणि तेही मेरिटनेच बदल मिळतो. त्याच्या आशेवर नावडती शाखा घेऊ नका.

आणि गणित सोडू नका. विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये सत्रामधली इनसेम ३० आणि सत्राअखेरची एंडसेम ७० गुणांची. एम-वन, एम-टूचा, म्हणजे गणिताच्या पेपरांचा, बॅक राहिला (विषय सुटला नाही) की तो पुढच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक निर्णयात आडवा येतो. ऑनर्स घ्यायचं म्हटलं तरी, इंटर्नशिपला जायचं म्हटलं तरी, मधे त्याची परीक्षा.

अप-डाऊन करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगते, कारण मी निफाड तालुक्यातून रोज यायचे. बसमधले जाऊन-येऊन अडीच तास म्हणजे आठवड्याला पंधरा तास. सबमिशनच्या दिवसांत एकजण फाइल घ्यायला थांबतो आणि दुसऱ्याची शेवटची गाडी जाते. शक्य असेल तर किमान थर्ड इयरला तरी कॉलेजजवळ खोली घ्या, कारण निवडीसाठी लागणारा मोकळा वेळ तेव्हाच हवा असतो. द्राक्षबागायतदाराच्या घरचे असाल तर ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीचे दिवस आणि इनसेमचे दिवस एकमेकांवर येतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्याचं घरी आधीच बोलून ठेवा.

पायरी ३: सेकंड इयरला शहर बघा

नाशिकसारख्या शहरात शिकणाऱ्यांना एक मोठा फायदा आहे, आणि त्याचा उपयोग फार थोडे करतात. जवळजवळ प्रत्येक शाखेचं खरं काम इथे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत चालू आहे.

सिव्हिलवाल्यांसाठी दिंडोरी रोडला मेरी आहे, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९५९ पासून तिथे माती, काँक्रीट आणि धरणांच्या कामांचा अभ्यास चालतो. शहराबाहेर गंगापूरचं मातीचं धरण आहे. पाणी, रस्ते आणि मलनिस्सारणाची सिंहस्थाची कामं डोळ्यांसमोर सुरू आहेत. मेकॅनिकलवाल्यांसाठी सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपासून चार सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या जॉब शॉपपर्यंत सगळं आहे. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. तो १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई बनली आणि आता तेजसची लाईन आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना स्विचगियर आणि ट्रान्सफॉर्मरचे कारखाने, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. कॉम्प्युटरवाल्यांना मात्र खरं सांगायला हवं: नाशिकमध्ये आयटी कंपन्या आहेत, पण बहुतेकांना पहिली नोकरी पुण्यात किंवा बंगळुरूला शोधावी लागते. ते गृहीत धरूनच चाला.

कारखान्यात शिरायचं कसं? मोठ्या कंपनीच्या एचआरला मेल टाकून वाट बघण्यात महिने जातात. त्यापेक्षा वीस-तीस माणसांचं छोटं युनिट गाठा. वर्गात कोणाचे ना कोणाचे मामा, काका अंबडला असतातच. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, तिथे विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. मालकाला इंटर्नशिप वगैरे म्हणू नका. "सर, चार शनिवार येऊन बघू का? काही काम सांगितलंत तर करीन," एवढंच म्हणा. सेफ्टी शूज स्वतःचे न्या. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या लेथपाशी चालत नाहीत. मुलींनो, घरचे "कंपनीत मुली कशा काम करतील" म्हणतील. त्यांना एकदा सोबत घेऊन जा आणि शॉप फ्लोअर दाखवा. माझ्या वडिलांचं, अण्णांचं मत तिथेच बदललं.

सिनियरला "स्कोप आहे का" विचारू नका. हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, कळणार काहीच नाही. असं विचारा: "दादा, काल सकाळी दहा ते बारा तू काय केलंस?" एकाने मला सांगितलं, "व्हेंडरला फोन. कास्टिंग आलं नव्हतं." तो डिझाइन इंजिनिअर होता. दुसरा म्हणाला, "ड्रॉइंगमधले टॉलरन्स तपासले, तेहतीस शीट." टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी तफावत. एकाच शाखेतल्या पाच जणांना हा प्रश्न विचारला तर पाच वेगवेगळ्या नोकऱ्या दिसतात.

पायरी ४: दोन विषय आणि पंधरा दिवस

सेकंड इयरच्या शेवटी दोनच पर्याय उरले पाहिजेत. चार उरत असतील तर वही पुन्हा वाचा. मग सुट्टीत प्रत्येक पर्यायासाठी पंधरा दिवस द्या आणि त्यातलं एक छोटं काम शेवटपर्यंत करा. व्हिडिओ बघणं म्हणजे काम नव्हे.

एक उदाहरण सविस्तर देते. माझ्या चुलत भावाला डेटा सायन्सचं वेड होतं. मी म्हटलं, "लासलगावच्या कांद्याचे पाच वर्षांचे रोजचे भाव घे आणि पुढच्या आठवड्याचा भाव सांगणारं मॉडेल बनव." अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजारभाव खुले आहेत. तो खुशीत बसला. पहिल्याच दिवशी कळलं की लासलगाव, लासलगाव निफाड आणि लासलगाव विंचूर अशा वेगवेगळ्या बाजारांच्या नोंदी आहेत. लाल आणि उन्हाळ कांद्याच्या ओळी मिसळलेल्या. सुट्टीच्या आणि लिलाव बंद असलेल्या दिवसांची आकडेवारीच नाही. एके ठिकाणी भाव दहापट पडलेला, म्हणजे कोणीतरी शून्य कमी टाकलेलं. पंधरापैकी अकरा दिवस नुसती सफाई. मॉडेल लिहायला एक दुपार लागली.

"ताई, हे असंच असतं का?" त्याने विचारलं.

"असंच. आता सांग, ते अकरा दिवस कसे गेले?"

थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "बंद असलेले दिवस शोधायला मजा आली. संप कधी झाला ते कळत होतं." त्याने तेच स्पेशलायझेशन घेतलं. अकरा दिवस नकोसे झाले असते तर मी त्याला नको म्हटलं असतं, मॉडेल कितीही चांगलं आलं असतं तरी.

इतरांसाठी अशीच कामं: डिझाइन आवडतं असं वाटत असेल तर भंगारातलं एखादं बेअरिंग हाऊसिंग आणा, व्हर्निअरने मोजा आणि टॉलरन्ससकट उत्पादनाचं ड्रॉइंग काढा. पॉवर सिस्टीमसाठी तीन बसचा (वीजजाळ्यातल्या जोडबिंदूंचा) लोड फ्लो, म्हणजे कुठून किती वीज वाहते याचं गणित, गॉस-सायडल पद्धतीने आधी हाताने सोडवा, मग त्याचाच प्रोग्रॅम करा. सर्व्हे आणि रस्ते यांत जायचं असेल तर कॅम्पसमध्ये ऑटो लेव्हल (उंची-सखलपणा मोजण्याचं उपकरण) लावा, पाचशे मीटरचे लेव्हल घ्या आणि परत फिरून क्लोजिंग एरर, म्हणजे सुरुवातीच्या जागी परतल्यावर उंचीत निघणारी चूक, काढा. भर उन्हात तिसऱ्यांदा स्टाफ (मोजमापाची उभी पट्टी) धरायची वेळ आली की उत्तर आपोआप मिळतं.

पायरी ५: इलेक्टिव्हचा फॉर्म

इथे मुलं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. विषयाचं नाव सोडून द्या, खाली या. प्रत्येक युनिटमध्ये काय आहे, प्रॅक्टिकलची यादी कशी आहे आणि पुस्तकं कोणती लावली आहेत, ते बघा. मग गेल्या दोन-तीन वर्षांचे एंडसेमचे पेपर काढा. सगळे प्रश्न "टीप लिहा" छापाचे असतील तर गुण मिळतील, पण मुलाखतीत सांगायला काही राहणार नाही. आमच्या वर्गात "स्कोअरिंग आहे" म्हणून साठपैकी बेचाळीस जणांनी एकच विषय घेतला होता. त्यांतल्या कितीतरी जणांना वर्षभराने त्या विषयाचं पूर्ण नावही आठवत नव्हतं.

विषय कोण शिकवणार हे विचारायला लाजू नका. चांगला शिक्षक मिळत असेल तर पसंती एका जागेने वर-खाली करणं योग्यच आहे.

आता एक अनुभव. मला हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग घ्यायचं होतं. फॉर्म भरला, आणि पंधरा दिवसांनी नोटीस लागली की पुरेशी मुलं नसल्याने विषय चालणार नाही. आम्हा नऊ जणांना न विचारता दुसऱ्या विषयात टाकलं. आम्ही विभागात गेलो तेव्हा याद्या विद्यापीठाकडे गेलेल्या होत्या. तेव्हा झालेला मनस्ताप अजून आठवतो. त्यावरून शिकलेली युक्ती सांगते: फॉर्म यायच्या महिनाभर आधी विभागप्रमुखांना विचारा की विषय चालायला किमान किती मुलं लागतात. तेवढ्या मुलांच्या सह्यांचा अर्ज आधीच द्या. बाराची अट असेल तर पंधरा नावं जमवा, कारण दोन-तीन जण ऐनवेळी मागे फिरतातच.

तरीही विषय नाहीच मिळाला तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी भरावी लागते. त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) धरतात का, हे रजिस्ट्रेशन करण्याआधी विभागात लेखी विचारा. मी हाय व्होल्टेज तसंच पूर्ण केलं, रोज रात्री जेवणानंतर एक तास.

ऑनर्स किंवा मायनर म्हणजे पदवीशिवाय साधारण १८ ते २० जास्तीचे क्रेडिट. ढोबळमानाने ऑनर्स म्हणजे आपल्याच शाखेत खोल जाणं आणि मायनर म्हणजे दुसऱ्या क्षेत्राची ओळख. स्वायत्त कॉलेजांचे नियम आपापले असतात. माझं मत स्पष्ट आहे: एकही बॅक असेल तर घेऊ नका. बॅक नसेल आणि पायरी चारमधली चाचणी पार पडली असेल तरच घ्या. मार्कशीटवर एक ओळ जास्त यावी म्हणून शनिवार-रविवार घालवण्यात अर्थ नाही.

पायरी ६: घरचे आणि पॅकेजचा आकडा

कॉलेजच्या फलकावर सर्वात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं. ते एकाच मुलाचं असतं. तुम्ही प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन विचारा: माझ्या शाखेतली किती मुलं बसली, किती लागली, पगारानुसार रांग लावली तर मधल्या मुलाचा पगार किती, आणि शाखेच्याच कामावर किती गेली. हे चार आकडे वहीत लिहून घरी न्या. अण्णांशी मी असंच बोलले होते.

"मामा म्हणतात कॉम्प्युटरकडे वळ," ते म्हणाले.

"अण्णा, मामांना विचारा, त्यांच्या मुलाला काम आवडतं का?"

अण्णांनी खरंच फोन लावला. मामा बराच वेळ पगाराबद्दलच बोलत राहिले. फोन ठेवून अण्णा म्हणाले, "तुझं तू ठरव, पोरी."

पायरी ७: शेवटचं वर्ष

प्रोजेक्ट विकत घेऊ नका. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, आणि मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. सेकंड इयरला ज्या युनिटमध्ये शनिवारी जात होता, तिथल्या मालकाला विचारा की त्याला रोज छळणारी अडचण कोणती. तोच प्रोजेक्ट. गेट द्यायची असेल तर स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून शेवटच्या वर्षीच एकदा देऊन ठेवा. नोकरी लागली तरी तो कामाला येईल.

आणि फॉर्म भरायच्या आदल्या रात्रीही दोन विषय बरोबरीत असतील, तर दोन्हींच्या पुस्तकांतलं तिसरं प्रकरण काढा. पहिली दोन सगळ्यांनाच सोपी वाटतात. एका बैठकीत जे जास्त पानं वाचून होईल, त्याच्यापुढे पहिली पसंती लिहा आणि सकाळी विभाग उघडताच फॉर्म देऊन पोच घ्या.